चुकीच्या घराची मापं

दीड दिवस मी चुकीच्या घराची मापं घेतली.

नुसती घेतली नाहीत, वहीत नीट मांडलीसुद्धा. ओटा साडेसात फूट. दाराची चौकट पाच फूट दोन इंच, ही माझ्या कपाळाने दोनदा तपासून पाहिलेली. कुडाची जाडी तीन बोटं. मी पुण्यात आर्किटेक्ट आहे, पस्तीस वर्षं लोकांची घरं बांधतो आहे, त्यामुळे मापात सहसा चुकत नाही. घर चुकलं.

आमच्या धंद्यात एक प्रश्न हमखास विचारतात. तुमची प्रेरणा काय? माझे समव्यवसायी यावर एखाद्या देवळाचं नाव घेतात, कोणी परदेशात पाहिलेल्या चर्चचं. मी एक चित्र दाखवतो. स्वतःच काढलेलं. कुडाचं एक घर, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून वर माती लिंपलेल्या भिंतींचं. शेजारी दोन ताड, मागे डोंगर. आत जमिनीवर उन्हाच्या पट्ट्या पडलेल्या आणि त्या पट्ट्यांमध्ये उताणा पडलेला नऊ वर्षांचा एक मुलगा. मग मी आवाज थोडा खाली आणून म्हणतो, ‘सह्याद्रीच्या कुशीतल्या एका आदिवासी घरात, भिंतीच्या फटींतून येणारं ऊन बघताना, मला घर म्हणजे काय ते कळलं.’ इथे विद्यार्थी लिहून घेतात.

त्या उन्हापायी मी आयुष्यभर भिंतींना फटी ठेवत आलो. विटांच्या, दगडांच्या, एकदा तर काचेच्या. फटींतून ऊन येतं हे खरं, पण धूळ, डास आणि शेजाऱ्यांचं टीव्हीवरचं भांडणही येतं. एका डॉक्टरांनी वर्षभरात सगळ्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली आणि मला वास्तुशांतीच्या वाढदिवसाला बोलावून ती दाखवली. माझी बायको मंजू म्हणते, तुझ्या घरांत राहायला माणसापेक्षा चिमणी बरी.

या वर्षी ऑफिस बंद करायचं ठरलं. गावाबाहेर एक लहानसा तुकडा घेऊन ठेवलेला होता, त्यावर आम्हा दोघांपुरतं घर, माझं शेवटचं काम. कागदावर ती भिंत मी तीसेक वेळा काढली. मॉडेल करून गच्चीवर ठेवलं. ऊन यायचं, पण ते ऊन यायचं नाही. लहानपणी पाहिलेलं ऊन पिवळं आणि बारीक होतं, सावकाश सरकायचं, आणि दुपारी चारच्या सुमाराला कोपऱ्यातल्या मडक्यापर्यंत पोचायचं. ते घर उभं असेल तर भिंत मोजून आणावी, एवढ्यासाठी मी पावसाळा संपल्यावर पालघर जिल्ह्यात गेलो. नसेल उभं तर काय, हा विचार बॅगेत भरला नव्हता.

बोईसर

माझे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहायचो. वसाहत म्हणजे एकसारख्या इमारती, एकसारखे जिने, एकसारखी हिरवी दारं. दुसरीत असताना शाळेतून येऊन मी दप्तर टाकलं, हातपाय धुतले, पानावर बसलो, दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी वाढायला आलेल्या बाईंकडे पाहिलं तर ती आई नव्हती. इमारत चुकली होती. त्या बाईंनी मला तिसरी पोळी संपवायला लावून मगच घरी पोचवलं. चुकीच्या घरात शिरून तिथलं जेवण्याची सवय तेव्हापासूनची.

पहिल्या दिवशी बोईसरच्या लॉजवर सामान टाकून मी आधी वसाहतीच्या फाटकावर गेलो. पहारेकऱ्याने पास मागितला.

“मी इथे राहायचो,” मी म्हटलं.

“कधी?”

“पन्नासेक वर्षं झाली.”

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग पास संपला असेल तुमचा.”

बाहेरूनच पाहिलं. झाडं वाढली होती एवढी की इमारती बुटक्या वाटत होत्या. आमचा मजला कोणता ते मला सांगता आलं नाही, आणि सगळे मजले सारखेच असल्यामुळे कोणत्याही खिडकीकडे बघून गळा दाटून येण्याची सोय होती. मी दोनतीन खिडक्यांवर ती वापरली.

संध्याकाळी बोईसरला चहाच्या टपरीवर सगळा हिंदीचा बाजार. कारखान्यांची पाळी सुटलेली, शेजारचे दोघे आपल्या गावच्या घराला गिलावा कधी करायचा यावर वाद घालत होते. इथे एका खोलीत सहासहा जण राहतात आणि बोलतात ते हजार मैलांवरच्या भिंतीबद्दल. मला ते आपलेच लोक वाटले. रात्री खानावळीत ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पुण्यात बोंबील मागवला की तो कुरकुरीत होऊन, लिंबू वगैरे लावून, पाहुण्यासारखा येतो. इथे तो ताटात घरच्यासारखा पसरला होता. मी दोनदा भात घेतला.

मनोरच्या बाजूला

ते घर सोनीबायचं. सोनीबाय आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची. माझी बहीण शुभा दिवाळीच्या तोंडावर जन्मली आणि आई अंथरुणाला खिळली. आजीला यायला जमलं नाही. सोनीबाय पहाटे यायची ती दिवे लागून गेल्यावर जायची. मला सुट्टी, आणि माझा आवाज मोठा. बाळ झोपलं की मी काहीतरी पाडायचो. म्हणून सोनीबाय दुपारी मला आपल्या घरी नेऊन सासूजवळ सोडायची आणि परत आमच्याकडे कामाला जायची. असे आठदहा दिवस. आयुष्यातल्या इतर कोणत्याही आठदहा दिवसांबद्दल मी एवढी भाषणं दिलेली नाहीत.

गावाचं नाव माहीत नव्हतं. पण चित्रात डोंगर होता, खूप चालल्याचं आठवत होतं, आणि भाषणात सह्याद्री होता. तेव्हा मी बोईसरहून पूर्वेला, मनोरच्या बाजूला निघालो. वाटेत भाताची कापणी चालली होती. उन्हात उभ्या पिकाचा वास येत होता. एका पाड्यावर रिक्षा थांबवली आणि समोर माझं चित्र उभं. कुडाचं घर, दोन ताड, मागे डोंगर. माझे डोळे भरून आले. कॅमेऱ्याची काच पुसायला काढलेला रुमाल दुसऱ्याच कामी आला.

घर किसनचं होतं. चाळिशीचा, विळा हातात, शेतावर निघालेला. मी म्हटलं, घराची मापं घ्यायची आहेत, फोटो काढायचे आहेत. त्याने विळा खोचून ठेवला. “या सायेब,” म्हणाला.

पुण्यात मीटर वाचायला आलेल्या माणसाला लोक दाराच्या साखळीआडून ओळखपत्र मागतात. इथे मला कोणी नावसुद्धा विचारलं नाही. किसनच्या बायकोने, चंद्राने, पाणी दिलं. “आदी भाकर खा. मंग मोजा.” नाचणीची भाकर, उडदाची डाळ आणि वर ठेचा. तो ठेचा खाऊन मी पुन्हा रुमाल काढला. दिवसभर किसन मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. मी म्हणायचो सहा फूट, तो म्हणायचा, “कमीच लिवा.” मला वाटलं विनय. फोटो काढायची वेळ आली तेव्हा छपरावर चढून त्याने टीव्हीची तबकडी उतरवली आणि गवतात लपवली. मला वाटलं, काय दृष्टी आहे या माणसाला, चित्रात काय खटकेल ते न सांगता कळलं. चंद्राने नवी प्लास्टिकची खुर्चीही शेजाऱ्याकडे पाठवून दिली. मी ओट्यावर टेकलो, भिंतीचं प्रमाण कळावं म्हणून शेजारी उभी असलेली बकरीही मोजली.

एकच गोष्ट जुळेना. आत ऊन येत नव्हतं. भिंत आतून बाहेरून गुळगुळीत लिंपलेली, बोटभरही फट नाही. मी दोन दुपारी आत अंधारात उताणा पडून वाट पाहिली. चंद्रा दारातून डोकावून किसनला म्हणाली, “सायबाला बरं नाय काय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनने घसा साफ केला. “मंग सायेब, यादीत नाव कदी लागंल?”

“कसली यादी?”

“घरकुलाची.”

हातात मोजपट्टी, गळ्यात कॅमेरा, खिशाला दोन पेनं. मी स्वतःला पाहिलं असतं तर मीही मला सरकारी माणूसच समजलो असतो. पक्क्या घरासाठी त्याने तीन वर्षं अर्ज केले होते. आणि आज दीड दिवस, ऐन कापणीत, भात शेतात उभं ठेवून तो माझी मोजपट्टी धरून उभा होता.

मी सगळं सांगितलं. सोनीबाय, ऊन, भाषणं, पुणं. किसनने शांतपणे ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

“म्हंजे तुमी असंच घर शोदताय. आमाला यातनं निघायचंय, न तुमाला यात यायचंय.”

“तसंच.”

“मंग बकरी कशाला मोजली?”

मी वही मिटली. चंद्रा पदर तोंडाला लावून आत गेली आणि आतून तिचं हसणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

गवतातली तबकडी परत वर चढवताना किसन म्हणाला, “ती बाय तुमच्याकडं रोज कामाला यायची?”

“रोज. पहाटे.”

“चालत?”

“चालत.”

“न दुपारी तुमाला घरी सोडून परत जायची. मंग ती इकडची कशी आसंल? इथून वसाहतीत जायला तिला अर्धा दिस लागंल. पाम गावच्या बाजूला बगा. तिकडच्या बाया जायच्या कामाला.”

पस्तीस वर्षं मी घरात कोण कुठून कुठे किती पावलं चालतं याचे नकाशे काढतो. ओट्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून मोरीपर्यंत. सोनीबाय किती चालायची हा हिशेब भात कापणाऱ्या माणसाने तबकडी बांधता बांधता केला.

उरलेला दिवस मी त्याच्याबरोबर शेतात गेलो. अर्ध्या तासात विळा माझ्याकडून काढून घेण्यात आला आणि मला पेंढ्या मोजायला बसवलं. निघताना तो म्हणाला, “ती मापं न फोटो तरी धाडा. खरा माणूस आला तर दाकवीन.” मी परत आल्यावर पहिलं काम तेच केलं. नकाशा, चारी बाजूंचे फोटो, खाली सही. माझ्या हातचं इतकं नीट रेखाटन दुसरं नसेल, आणि ते त्याने हेच घर पाडून पक्कं मिळावं म्हणून अर्जाला जोडलं आहे.

पाम

वसाहतीच्या फाटकावरून पामच्या बाजूच्या सोनीबायच्या पाड्यावर रिक्षाने दहा मिनिटं लागतात. रिक्षावाला उत्तरेकडचा होता. सोनीबाय म्हटल्यावर म्हणाला, “वो बकरीवाली दादी? रोज गाली देती है, मेरा हॉर्न सुन के बकरी भागती है.” दहा मिनिटं. माझ्या नऊ वर्षांच्या पायांनी त्याचे कोस केले होते, आणि पुढे भाषणांनी ते घर उचलून सह्याद्रीत नेऊन ठेवलं होतं.

ताड एकच उरला होता. घराच्या जागी स्लॅबचं घर, बाहेरून गुलाबी, आतून पिस्ता रंगाच्या फरशा. मुलगा बोईसरच्या कारखान्यात आहे, त्याने बांधलेलं. मी रिक्षातून उतरलो. एवढी वर्षं मी मनाने जिथे परत जात होतो तिथे आता खिडकीला काळ्या काचा होत्या.

मागच्या बाजूने ओल्या शेणामातीचा वास आला. मागे बकऱ्यांचा गोठा, त्याला मात्र कुडाची भिंत, आणि त्या भिंतीशी उकिडवी बसून, कोपरापर्यंत मातीत, एक म्हातारी लिंपत होती. पंजा फिरायचा तसा मातीवर अर्धगोल उमटायचा, एकावर एक, खवल्यांसारखा.

“सोनीबाय?”

“कोन?”

“मी वसाहतीतला. आपटे साहेबांचा मुलगा.”

तिने वळून पाहिलं. ओळख नाही. मी शुभाचं नाव सांगितलं, तिसऱ्या मजल्याचं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग एकदम डोळे बारीक झाले.

“तो काय? दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवून आलेला?”

“तोच.”

“लई मोटा झाला,” ती म्हणाली आणि परत लिंपायला लागली. “आई?”

“गेली. चार वर्षं झाली.”

तिचा हात भिंतीवरच थांबला. ती म्हणाली, “तिला तवा बरं व्हायला लई दिस लागले.” मग हात पुन्हा फिरू लागला.

मी शेजारी दगडावर बसलो. तिने सुनेला हाक मारून चहा करायला सांगितला. काळा, गवती चहा घातलेला, भरपूर गोड. मी घराबद्दल विचारलं. मागे डोंगर होता ना?

“डोंगर कसला इथं? पेंड्याची उडवी आसंल. सासरा मोटी रचायचा.”

भाताच्या पेंढ्याचा ढीग. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांनी तो सह्याद्री म्हणून लिहून घेतला होता. मी ते गिळलं आणि ज्यासाठी आलो होतो ते विचारलं. वही उघडली, पेन काढलं.

“सोनीबाय, त्या भिंतीला तू फटी कशा ठेवायचीस? किती अंतरावर? मी दुपारी आत झोपायचो, त्यातून ऊन यायचं. तसं ऊन मला पुन्हा कुठे मिळालं नाही.”

“फटी कोन ठेवंल?”

“होत्या. मी पाहिल्यात.”

ती मातीचा गोळा हातात घेऊन आठवत राहिली. “पाऊस संपला का भित लिंपायची. दरसाल. पावसानं गळलेली आसते. दिवाळीच्या अगोदर लिंपली नाय तं थंडी आत येते.” तिने गोळा भिंतीवर थापला. “त्या साली नाय लिंपली. येळ कुठं व्हता? सकाळपासून दिवे लागंस्तोवर तुमच्या घरी व्हते ना मी. तुझ्या आईचं, बाळाचं. न तुझं.”

मी पेनाला टोपण लावलं.

“सासू लई बोलायची. तिची झोपायची जागा तीच. पुऱ्या थंडीत तिला खोकला व्हता. मंग मी चटई बांदली तिथं, पन वारा येयाचाच.”

दूर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला, बकऱ्या बिथरल्या, सोनीबायने हात न थांबवता एक शिवी हासडली. मला त्या मडक्याजवळची जागा आठवली. दुपारी चारला ऊन पोचायचं तिथे एक गोधडी गुंडाळून ठेवलेली असायची. चित्रात मी ती काढली नव्हती. रेषा जास्त होत होत्या.

“तू काय करतो आता?” तिने विचारलं.

“घरं बांधतो.”

“गवंडी?”

“तसंच. कागदावरचा.”

“कशी बांदतो?”

मी सांगितलं. भिंतींना फटी ठेवतो म्हटलं.

“पाऊस येत नाय?”

“येतो.”

“डास?”

“तेही येतात. एकदा एका ठिकाणी साप आला होता.”

“न लोकं काय बोलत नाय?”

“बोलतात,” मी म्हटलं. “त्यांना मी तुझ्या घराचं चित्र दाखवतो.”

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आईने ताप आलेल्या पोराकडे बघावं तशी. मग पायाने घमेलं माझ्याकडे सरकवलं. “ऊठ. तो कोपरा ऱ्हायलाय. लिंप.”

मी बाह्या वर केल्या. माती गार होती, तुसाचे कण बोटांना टोचत होते. थापली की सुटायची. तिने माझा हात मनगटाला धरून दोनदा फिरवून दाखवला, जोर अंगठ्याच्या बुडातून द्यायचा म्हणाली. तिचा हात सुकलेल्या कारवीसारखा हलका लागला. मग माती सुटली नाही. तासाभरात मी हातभर भिंत लिंपली आणि तेवढ्या वेळात तिने उरलेली सगळी. त्या तासाभरात माझ्या मनात एकदाही घराचा नकाशा आला नाही. आई मात्र आली. अंथरुणावरून तिने सोनीबायला कधी घरी लवकर जा म्हटलं असेल का, आणि म्हटलं असलं तर कोणी ऐकलं असेल का, हे विचारायला आता ती नाही.

ऊन उतरलं होतं. माझ्या कोपऱ्यात शेवटच्या दोन काठ्यांमध्ये बोटभर जागा उरली होती. त्यातून ऊन आत गोठ्यात जमिनीवर पडलं होतं. पिवळं, बारीक, सावकाश सरकणारं. अगदी ते ऊन. हातात मातीचा शेवटचा गोळा होता. सोनीबाय हात धुवायला गेली होती. मी गोळा घमेल्यात परत ठेवला आणि गोठ्याच्या दारातून ते बघत राहिलो.

ती पदराला हात पुसत आली. माझ्या भिंतीसमोर उभी राहिली. वाकली, त्या फटीत एक बोट घातलं, बाहेर काढलं, घमेल्यातला गोळा उचलला आणि एका फटक्यात बुजवून टाकली.

“तुझ्या आईला तवाच सांगितलेलं मी,” ती म्हणाली, “या पोराला काय पन करू दे, घराचं काम तेवडं याच्या हातात देऊ नको.”